पूर्वताणित काँक्रीट शिकताना पहिल्यांदा काय पाहावे

तुम्ही बडोद्यात राहत असाल, तर बुलेट ट्रेनच्या मार्गावरील 40 मीटर लांबीचे, सुमारे 970 टनांचे गर्डर (पुलाच्या मोठ्या तुळया) अवश्य पाहून या. भार येण्याआधीच ताणलेल्या पोलादी केबलने काँक्रीटला दाबून ठेवण्याचे, म्हणजेच पूर्वताणाचे, सामर्थ्य तेथे उमगते.

नवशिके बहुधा पूर्ण भाराचीच स्थिती तपासतात. माझ्या मते अधिक नाजूक असतो तो केबलचा ताण काँक्रीटवर सोडण्याचा क्षण, कारण तेव्हा काँक्रीट कोवळे, दाब सर्वाधिक आणि भार केवळ स्वतःच्या वजनाचा असल्याने वरच्या कडेला तडे जाऊ शकतात.

ताणातील घटही सुरुवातीपासून धरा: काँक्रीटचे आकुंचन आणि क्रीप (सततच्या दाबाखाली काँक्रीटचे हळूहळू आखडणे) यांमुळे साध्या पोलादातील बराचसा ताण नाहीसा होतो, म्हणूनच उच्च ताकदीच्या तारा लागतात. आयएस 1343 ही पूर्वताणित काँक्रीटची भारतीय मानक संहिता जवळ ठेवा, आणि अखंड तुळया (दोनाहून अधिक आधारांवरून सलग जाणाऱ्या) सध्या बाजूला ठेवून दोन टोकांवर टेकलेली एकच तुळई हाताने पूर्ण सोडवा.