वडिलांच्या बायपाससाठी गॅसची भूल चांगली की इंजेक्शनची?

मी भूलतज्ज्ञ आहे, गेली बारा वर्षं हृदयाच्या ऑपरेशन्सना भूल देते. तुम्ही विचारलंय की वडिलांच्या बायपासला गॅस मागावा की इंजेक्शन. तुमच्या जिवाची घालमेल कळते, पण या निवडीचं ओझं डोक्यावर घेऊ नका.

गॅस हृदयाला मानवतो, असं आम्हीही मानायचो. त्याला कारण होतं. 1986 साली कुत्र्यांवरच्या प्रयोगात दिसलं, की हृदयाचा रक्तपुरवठा थोडा थोडा वेळ थांबवून सुरू केला, तर नंतर मोठा अडथळा येऊनही स्नायू कमी मरतो. पुढे प्राण्यांमध्येच आयसोफ्लुरेन या भुलीच्या गॅसनेही असंच संरक्षण मिळताना दिसलं. सेव्होफ्लुरेन हा तसाच दुसरा गॅस दिलेल्या रुग्णांच्या रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) कमी सापडल्याचे छोटे अभ्यास आले आणि माझंही मत गॅसकडे झुकलं.

मग 2019 मध्ये ‘मिरियाड’ हा मोठा अभ्यास आला. 13 देश, 36 रुग्णालयं, ठरवून केलेल्या बायपासचे 5400 रुग्ण. वर्षभरात गॅसच्या गटात 2.8 टक्के रुग्ण दगावले, फक्त शिरेतून भूल दिलेल्या गटात 3 टक्के. म्हणजे फरक नाहीच म्हणा. मी माझं मत बदललं.

खरी कसोटी लागते ती पहिल्या काही मिनिटांत. प्रोपोफॉल हे भुलीचं इंजेक्शन दुधासारखं पांढरं असतं. ते शिरेत जाऊ लागलं की माझी नजर मॉनिटरवरच्या लाल रेषेवर खिळलेली असते, मनगटातल्या धमनीतला रक्तदाब ती दाखवते. दाब एकदम कोसळला, तर आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांतून हृदयालाच रक्त कमी पोचतं. म्हणून थोडं द्यायचं, थांबायचं, बघायचं, मग पुन्हा थोडं. हृदयाचं पंपिंग फारच कमी असेल तर सुरुवातीला मी बहुतेकदा एटोमिडेट हे दुसरं भुलीचं इंजेक्शन वापरते, त्याने दाब कमी ढासळतो. असे निर्णय टेबलाशी उभं राहूनच घ्यावे लागतात.

आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ भेटायला येतील, तेव्हा वडिलांच्या सगळ्या गोळ्या समोर ठेवा, रक्त पातळ करणाऱ्या तर नक्कीच. हलणारा दात, जोराचं घोरणं, तंबाखू, काही लपवू नका. आणि एक गोष्ट घरातल्या मोठ्यांना आजच विचारा: रक्ताच्या नात्यातल्या कुणाला भुलीत अचानक खूप ताप चढून जीव धोक्यात आला होता का? तसं असेल तर ते आधी सांगा. त्या घरातल्या माणसाला आम्ही गॅस देत नाही.