सर्व्हर पडत नाही, पण तुंबतो : एर्लांग-एलिक्सरविषयी प्रश्नोत्तरे

मराठवाड्यात एलिक्सर ही प्रोग्रामिंग भाषा शिकणारे आणि त्यात छोटी-मोठी कामे घेणारे वाढत आहेत, तसे माझ्याकडे येणारे प्रश्नही वाढले आहेत. त्यांतले बरेचसे एकाच गैरसमजातून येतात : ही भाषा घेतली की सर्व्हर बंद पडण्याची चिंता मिटली. म्हणून काही प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : एलिक्सरआधी एर्लांग शिकावेच लागते का? (परभणी)

उत्तर : नाही. दोन्ही भाषा ‘बीम’ या एकाच व्हर्च्युअल मशीनवर (प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेवर) चालतात. एर्लांगमधला एरर वाचता येण्याइतकी ओळख कामाच्या ओघात करून घ्या.

प्रश्न : ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप चालेल का? (हिंगोली)

उत्तर : शिकण्यापुरता चालेल.

प्रश्न : व्हॉट्सॲप याच भाषेवर चालते, त्यामुळे मागणी प्रचंड आहे, असे सांगून छत्रपती संभाजीनगरमधील एका क्लासने तीन महिन्यांत नोकरीची हमी दिली आहे. या आठवड्यात फी भरल्यास सवलत आहे. भरावी का?

उत्तर : या आठवड्यात भरू नका. व्हॉट्सॲप एर्लांगवर उभे राहिले, हे खरे आहे. २०१२ च्या सुरुवातीला त्यांनी एका सर्व्हरवर २० लाखांहून अधिक कनेक्शन सांभाळल्याचे जाहीर केले होते. पण त्यावरून आपल्याकडे नोकरीच्या जागा किती, हे ठरत नाही. जावा किंवा पायथनच्या मानाने एलिक्सरच्या जागा थोड्या असतात आणि त्यांतही अनुभव मागितला जातो. भाषेची अधिकृत मार्गदर्शिका विनामूल्य आहे. ती आधी वाचा. त्यानंतरही क्लास हवासा वाटला, तर शिकवणाऱ्याने स्वतः चालवलेली सेवा दाखवायला सांगा, हमी लेखी मागा आणि मागच्या तुकडीतल्या दोघा-तिघांशी बोलल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : सोयाबीनच्या भावाचे एसएमएस शेतकऱ्यांना पाठवणारी सेवा आम्ही एलिक्सरमध्ये केली आहे. दिवाळीच्या सुमारास आवक वाढली की दुपारी टाइमआउट येऊ लागतात. रीस्टार्ट केले की ठीक चालते. ‘लेट इट क्रॅश’ हेच या भाषेचे तत्त्व असल्याने, मेमरी भरली की आपोआप रीस्टार्ट होईल अशी सोय करावी का? (लातूर)

उत्तर : करू नये. त्या सोयीने दोष जाणार नाही, फक्त दिसेनासा होईल. रीस्टार्टनंतर सेवा ठीक चालते, कारण तुंबलेली रांग मेमरीतून पुसली गेलेली असते. त्या रांगेत ज्यांचे संदेश होते, त्या शेतकऱ्यांना त्या दिवशीचा भाव कळलेलाच नसतो.

याच दुखण्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, म्हणून सविस्तर लिहितो. जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट विर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी १९८६ पासून एरिक्सन कंपनीत एर्लांग घडवली, ती टेलिफोन एक्स्चेंज डोळ्यांसमोर ठेवून. एका कॉलमध्ये बिघाड झाला तर तेवढाच कॉल तुटावा आणि बाकीचे चालू राहावेत, हा ‘लेट इट क्रॅश’चा अर्थ आहे. तो अनपेक्षित चुकीला लागू पडतो. झेपेल त्याहून अधिक काम अंगावर घेण्याला लागू पडत नाही. प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे बीमवर स्वतंत्रपणे चालणाऱ्या छोट्या कामाला, स्वतःची मेलबॉक्स (आलेल्या संदेशांची रांग) असते आणि तिला मुळात मर्यादाच नसते. पाठवणारा संदेश टाकून मोकळा होतो. घेणारा मागे पडला आहे, हे त्याला कळतही नाही.

तुमच्या वर्णनावरून भाव साठवणे, भाव सांगणे आणि एसएमएस कंपनीला विनंती करणे ही तिन्ही कामे एकाच जेनसर्व्हरमधून, म्हणजे आलेल्या विनंत्या एकेक करून उरकणाऱ्या प्रोसेसमधून, जात असावीत. एका विनंतीला २०० मिलिसेकंद लागत असतील, तर तो सेकंदाला ५ कामे उरकतो. सेकंदाला ८ आली, की तासाभरात १०,८०० संदेश मागे साचतात. त्यात जेनसर्व्हरला केलेल्या ‘कॉल’ची (उत्तराची वाट पाहणाऱ्या विनंतीची) मुदत, आपण बदलली नसेल तर, ५ सेकंदांची असते. मुदत संपली की विचारणारा निघून जातो, पण त्याचा संदेश रांगेतच राहतो आणि कोणीही न वाचणारे उत्तर तयार करण्यात वेळ जातो. तोवर भाव न मिळालेल्या शेतकऱ्याने पुन्हा बटण दाबलेले असते. शेवटी मेमरी संपली, तर बीमच बंद पडते आणि सगळे सावरायला नेमलेला सुपरवायझरही तिच्याबरोबर जातो.

आजच चालू सर्व्हरवर ‘प्रोसेस इन्फो’ने त्या जेनसर्व्हरच्या रांगेची लांबी दर मिनिटाला नोंदवायला लागा. भाव वाचण्याचे काम ईटीएस टेबलमधून (सर्व प्रोसेसना वाचता येईल अशा मेमरीतल्या तक्त्यातून) थेट होऊ द्या. पाठवायचा प्रत्येक संदेश आधी डेटाबेसमध्ये लिहा आणि एसएमएसची विनंती वेगळ्या प्रोसेसकडे सोपवा. मात्र एका वेळी किती विनंत्या जाव्यात, याला मर्यादा घाला. ती किती असावी, हे एसएमएस कंपनी काय सोसते त्यावर ठरेल, मी दुरून सांगणे योग्य नाही. नोंदी आणि कोड घेऊन, बीमवरची चालती सेवा सांभाळलेल्या माणसाला दाखवा, आणि हे पुढच्या हंगामावर ढकलू नका.

प्रश्न : कुकी (सर्व्हर एकमेकांना जोडताना लागणारा परवलीचा शब्द) गुप्त ठेवली, तर दोन सर्व्हर जोडणारे पोर्ट इंटरनेटवर उघडे राहिले तरी चालते, असे ऐकले. (नांदेड)

उत्तर : चालत नाही, आजच बंद करा. ज्याच्या हाती कुकी लागेल तो तुमच्या सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवू शकतो, आणि मुळात ही देवाणघेवाण एन्क्रिप्टही होत नाही. ४३६९ हे पोर्ट आणि नोडची (जोडलेल्या प्रत्येक चालू बीमची) इतर पोर्ट खासगी नेटवर्कपुरतीच ठेवा. फायरवॉल कोणा जाणकाराकडून तपासून घ्या.

प्रश्न : आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात एलिक्सरचा गट सुरू करायचा आहे. सुरुवात कशाने करावी? (बीड)

उत्तर : भाषणांनी आणि प्रमाणपत्रांनी करू नका. एक साधा जेनसर्व्हर लिहा, त्यावर झेपणार नाही इतका भार टाका, बीमसोबत मिळणारा ‘ऑब्झर्व्हर’ उघडा आणि रांग व मेमरी कशी वाढते, हे सर्वांनी मिळून पाहा. पुढच्या बैठकीला एखाद्याची खरी चालू सेवा घ्या. पण तिच्यावर प्रयोग करण्याआधी मालकाची परवानगी आणि डेटाबेसचा बॅकअप, दोन्ही घ्या.