आईचं दुखणं आणि लेकीचं ॲडमिशन

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या आईला दोन वर्षांपासून पेम्फिगस व्हल्गॅरिस हा त्वचेवर फोड आणणारा आजार आहे. यात त्वचेच्या पेशी आत्महत्या करतात म्हणून फोड येतात, असं वाचलं. मुलीने तिसऱ्यांदा नीट द्यावी, त्वचारोगतज्ज्ञ होऊन यावर औषध शोधावं, असं मला वाटतं. ती एम.एस्सी.वर अडून बसली आहे. तिला कसं समजवावं?
– एक पालक, सांगली

उत्तर : समजवू नका. तुमच्या पत्रात मुलीला काय आवडतं यावर एक ओळ नाही. आईला बरं करण्याचं ओझं तुम्ही पोरीच्या डोक्यावर ठेवलंय आणि त्याला करिअर म्हणताय. एमबीबीएस, मग नीट-पीजी, मग तीन वर्षं एमडी. सगळं सुरळीत झालं तरी नऊ-दहा वर्षं जातील. आई आज आजारी आहे.

आणि ‘पेशींची आत्महत्या’ हे अर्धंच खरं. या आजारात शरीराची प्रतिपिंडं डेस्मोग्लीन ३ वर, बऱ्याचदा डेस्मोग्लीन १ वरही, हल्ला करतात. पेशींना एकमेकींशी जोडणारी ही प्रथिनं. जोड सुटतो, मधे पाणी भरतं, फोड येतो. सूक्ष्मदर्शकाखाली सर्वांत खालच्या थरातल्या पेशी तळाला चिकटून, थडग्यांसारख्या ओळीत उभ्या दिसतात. सगळ्या मेल्या असत्या तर ही रांग दिसलीच नसती. मग ॲपॉप्टॉसिस, म्हणजे पेशींची ती आत्महत्या, कुठे येतो? वाद इथेच आहे. काही प्रयोगांत कॅस्पेस ही आत्महत्या घडवणारी विकरं अडवल्यावर उंदरांना फोड आले नाहीत. काहींत ॲपॉप्टॉसिसची खूण नसतानाही पेशी सुटल्या. २००९ मध्ये मांडलेली ‘ॲपॉप्टोलायसिस’ची कल्पना सांगते, की तीच विकरं आधी पेशी आकसवतात, जोड तोडतात, मरण आलंच तर नंतर. त्यात मरणाऱ्या पेशी ओळखायची ट्यूनेल चाचणी तुटलेला डीएनए रंगवते, म्हणजे नेक्रोसिसने, इजा होऊन, मेलेली पेशीही उजळू शकते. म्हणून नुसता रंग पाहून निष्कर्ष काढता येत नाही. आधी जोड सुटला की आधी कॅस्पेस जागं झालं, हे तासातासाने नमुने घेऊन पाहावं लागतं.

हे काम प्रयोगशाळेतलं आहे, म्हणजे मुलगी निघालीय त्याच वाटेवरचं. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी आयआयटी जॅम, गॅट-बी, पुढे संशोधनासाठी सीएसआयआर-नेट या परीक्षा. तारखा तिला ठाऊक असतील. ती यातच संशोधन करेल असं मात्र धरून चालू नका. तिला उद्या भाताच्या वाणांवर काम करावंसं वाटेल.

तुम्ही करायचं ते वेगळं. आईच्या डॉक्टरांना रिटुक्सिमॅब या औषधाबद्दल विचारा. मध्यम ते तीव्र पेम्फिगस व्हल्गॅरिससाठी अमेरिकेत त्याला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. स्टिरॉइड मनाने एकदम बंद करू नका. पुन्हा बायोप्सी झालीच, तर इम्युनोफ्लुरोसन्सचा (कातडीतली प्रतिपिंडं चमकवून दाखवणाऱ्या तपासणीचा) तुकडा फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा हवा. तो फॉर्मॅलिनमध्ये गेला तर ती तपासणी वाया जाते.