सासऱ्यांच्या खोल्या, सुनेचं सरपंचपद

प्रश्न : महिला राखीव जागेवरून निवडून येऊन मी सरपंच झाले. सासऱ्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी गायरानात दोन खोल्या बांधल्या आहेत. आम्ही सहा वर्षांपासून वेगळे, गावातच भाड्याने राहतो. विरोधकांनी अतिक्रमणाच्या कारणावरून मला अपात्र ठरवण्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे केला आहे. रेशनकार्डावर अजून सासऱ्यांच्याच घराचा पत्ता आहे. घरचे म्हणतात, राजीनामा दे आणि मोकळी हो. सुनावणीला मिस्टरांना पाठवू का?

उत्तर : ताई, राजीनामा देऊ नका. तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही करून तो कागद घरात ठेवायला कोणी सांगितलं, तर तेही नको.

आता मुद्द्याचं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14(1)(ज-3) नुसार सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारी व्यक्ती सदस्य राहू शकत नाही. प्रत्यक्ष अतिक्रमण करणाराच अपात्र, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये म्हटलं होतं. पण 2018 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते बदललं. अतिक्रमणाच्या जागेत राहून तिचा उपभोग घेणारे कुटुंबीयही आता कचाट्यात येतात. त्यामुळे ‘खोल्या सासऱ्यांनी बांधल्या, मी नाही’ एवढ्यावर तुम्ही सुटणार नाही. ‘मी तिथे राहतच नाही’ हे सिद्ध करावं लागेल. तुम्ही खरोखर त्या खोल्यांत राहत असता, तर हे उत्तर मला वेगळं लिहावं लागलं असतं.

जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या महिला सरपंचांचं प्रकरण तुमच्यासारखंच होतं. सासूच्या घरात नाही, नवरा-मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहते, असं त्यांचं म्हणणं. जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, उच्च न्यायालय, तिन्हीकडे त्या हरल्या. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र अपात्रता रद्द केली आणि एक बाई सरपंच झाली हेच गावाला पचलं नाही, अशा आशयाचे खडे बोल सुनावले. राज्यात 2011 पासून पंचायतीच्या निम्म्या जागा महिलांना आहेत, तरी ही गत!

रेशनकार्ड ही तुमची दुखरी जागा. तक्रारीनंतर घाईने पत्ता बदलाल तर ते उलटच दिसेल. त्यापेक्षा जुने पुरावे काढा : भाडेकरार, घरमालकाचं प्रतिज्ञापत्र, घरमालकाच्या नावाचं का होईना पण तुम्ही भरलेलं वीजबिल, गॅसची पावती, मुलांच्या शाळेतला पत्ता. शिवाय, जागा गायरानाचीच आहे हे कशावरून? भूमी अभिलेखची मोजणी झाली नसेल, तर ती मागा.

मिस्टरांचं म्हणाल तर त्यांना साक्षीदार करा, त्यांचं प्रतिज्ञापत्र द्या. नोटीस तुमच्या नावाची आहे. वकिलांना घेऊन तुम्हीच जा. सरपंचबाई स्वतःच्या सुनावणीलाही आल्या नाहीत, असं आयतं कोलीत विरोधकांच्या हाती कशाला?

निकाल विरोधात गेला, तर अपिलाला निकालाच्या तारखेपासून पंधराच दिवस असतात. प्रमाणित प्रतीचा अर्ज त्याच दिवशी टाका.