ठाण्याहून दोन मुलांना घेऊन स्वित्झर्लंड खिशाला परवडेल का?

परवडेल, पण हॉटेल आणि हॉटेलातलं जेवण दोन्ही विसरा. आम्ही चौघं नौपाड्याहून गेलो होतो. स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घेतलं. जांभळी नाक्यावरून मूगडाळ, तांदूळ, गोडा मसाला, भाजलेला रवा आणि मेतकूट बांधून नेलं. तूप, पेढे, चीज मात्र बॅगेत टाकू नका, भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिथे न्यायला बंदी आहे. दूध-दही, पाव, फळं मिग्रोस किंवा कूप या तिथल्या सुपरमार्केटमध्ये घ्या. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या सुमारास काही पदार्थांवर किंमत उतरवल्याची चिकटपट्टी दिसते, तीच शोधायची.

पाण्याच्या बाटल्या अजिबात विकत घेऊ नका. गावोगावच्या चौकात दगडी हौदावर नळ अखंड वाहत असतो. ‘पिण्याचे नाही’ अशी पाटी नसेल तर खुशाल बाटली भरा. इतकं गार आणि गोड पाणी की धाकटी मुद्दाम बाटली रिकामी करायची!

खरा खर्च रेल्वेचा. हाफ फेअर कार्ड काढा, महिनाभर रेल्वे, बस, बोटी आणि बहुतेक डोंगरी गाड्या अर्ध्या भाड्यात. त्यासोबत फॅमिली कार्ड मोफत मागून घ्या, म्हणजे सोळा वर्षांखालच्या मुलांना आईवडिलांबरोबर तिकीट लागत नाही. बाझेलमध्ये किंवा तिचिनो भागात राहिलात तर मुक्कामाच्या ठिकाणी पाहुण्यांचं कार्ड मिळतं का ते आधी विचारा, मिळालं तर त्यावर स्थानिक प्रवास फुकट.

लाउटरब्रुनेन गावाचा जवळपास 300 मीटरचा श्टाउबबाख धबधबा बघायला एक पैसा लागत नाही. डबा घेऊन समोरच्या गवतावर बसा.