झोपेत कान उघडेच असतात, मग आवाज जातो कुठे?

वाचकांचे प्रश्न : मेंदू आणि झोप

मागील अंकातील झोपेविषयीच्या लेखात थॅलॅमस या मेंदूच्या भागाचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर इंदूर आणि आसपासच्या वाचकांनी बरीच पत्रे पाठवली. एकमेकांशी जोडलेले पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमचे घर सराफ्याच्या मागच्या गल्लीत आहे. रात्री सराफांची दुकाने मिटली की खाण्याचे ठेले लागतात आणि उशिरापर्यंत वर्दळ असते. अनंत चतुर्दशीला तर झांक्यांची, म्हणजे चित्ररथांची, मिरवणूक रात्रभर चालते. माझ्या यजमानांना यातले काहीही जाणवत नाही. मला मात्र भांड्याच्या आवाजानेही जाग येते, आणि बाळाने नुसते कण्हले तरी मी उठून बसते. झोपेत कान बंद होतात का? होत असतील तर माझे का होत नाहीत?
— एक वाचिका, सराफा, इंदूर

उत्तर : कान कोणाचेच बंद होत नाहीत. खालच्या कढईवर झारा आपटला, तर रात्री दोन वाजताही आपल्या कानाचा पडदा दिवसाइतकाच थरथरतो आणि तो संदेश श्रवणचेतेमार्गे मेंदूच्या देठापर्यंत, म्हणजे ब्रेनस्टेमपर्यंत, नेहमीसारखाच पोहोचतो. फरक पडतो तो पुढच्या मुक्कामी, थॅलॅमसमध्ये.

मेंदूच्या अगदी मध्यभागी, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, असे साधारण तीन ते चार सेंटीमीटर लांबीचे दोन अंडाकृती गोळे असतात, तोच थॅलॅमस. पाहणे, ऐकणे, स्पर्श, चव या सर्व संवेदना त्याच्या ठरावीक भागांतून मेंदूच्या बाहेरच्या थराकडे, म्हणजे कॉर्टेक्सकडे, जातात. बऱ्याच पाठ्यपुस्तकांत त्याचे वर्णन निरोप पुढे धाडणारे केंद्र एवढेच केलेले असते, आणि ते मला फार अपुरे वाटते. दृष्टीचे संदेश घेणाऱ्या त्याच्या भागाचे उदाहरण घ्या. तेथील पेशींवर येणाऱ्या जोडण्यांपैकी जेमतेम एक दशांश, किंवा त्याहूनही कमी, डोळ्यांकडून आलेल्या असतात. बाकीच्या सर्व कॉर्टेक्सकडून, ब्रेनस्टेमकडून आणि शेजारच्या पेशींकडून येतात. ज्या ठिकाणी बाहेरच्या बातमीपेक्षा आतल्या सूचना इतक्या जास्त येतात, तेथे कोणती बातमी कधी आणि किती पुढे जाऊ द्यायची हे ठरवण्याचे काम चालत असणार, हे उघड आहे.

आपण जागे असताना ब्रेनस्टेम आणि थॅलॅमसच्या खालचा भाग, म्हणजे हायपोथॅलॅमस, यांच्याकडून ॲसिटिलकोलीन, नॉरएड्रेनलीन, हिस्टामीन यांसारखी रसायने थॅलॅमसपर्यंत पोहोचत असतात. त्यांच्यामुळे तेथील पेशी सज्ज राहतात आणि आलेला संदेश जवळजवळ जसाच्या तसा पुढे देतात. झोप लागू लागली की या रसायनांचा पुरवठा घटतो आणि पेशींच्या आतील विद्युतदाब अधिक ऋण होतो. अशा स्थितीत त्यांच्या आवरणातील कॅल्शियमचे विशिष्ट मार्ग, ज्यांना टी प्रकारचे मार्ग म्हणतात, उघडण्याच्या तयारीत येतात. मग एखादा लहानसा धक्काही पुरतो : पेशी एकदम काही स्पंदनांचा झपाटा सोडते आणि गप्प होते. झाऱ्याचा आवाज कसा होता, कुठून आला, किती वेळ टिकला, हा सारा तपशील त्या झपाट्यात हरवतो.

थॅलॅमसभोवती पेशींचा एक पातळ पापुद्रा असतो, त्याला रेटिक्युलर न्यूक्लियस म्हणतात. या पेशी कॉर्टेक्सला काहीच कळवत नाहीत. थॅलॅमसच्या इतर पेशींना आवरणे हेच त्यांचे काम. त्यांनी आवरले की त्या पेशी दबतात, दाब सुटताच उसळून झपाटा सोडतात, त्या झपाट्याने पापुद्र्यातील पेशी पुन्हा चेततात आणि पुन्हा आवरतात. हे चक्र सेकंदाला साधारण 11 ते 16 वेळा फिरते, आणि ईईजीवर, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींच्या आलेखावर, स्पिंडल नावाच्या लहरी उमटतात. झोपेचा आलेख तीस-तीस सेकंदांच्या पानांत वाचतात. दुसऱ्या टप्प्यातील, म्हणजे अजून फार गाढ न झालेल्या, झोपेचे पान समोर घेतले, तर बारीक, विस्कळीत रेघेमध्ये अचानक दाट लहरींचा एक पुंजका दिसतो : सुरुवातीला बारीक, मध्ये फुगलेला, शेवटी पुन्हा बारीक, अर्ध्या सेकंदापासून दोन-तीन सेकंदांपर्यंत टिकणारा. आरती सुरू होताना टाळ्या विखुरलेल्या असतात आणि ठेका जुळला की सभामंडप दणाणतो. ईईजीतही तसेच आहे : असंख्य पेशी एका तालात आल्या की लहर मोठी दिसते. म्हणून झोपेतील मोठ्या लहरी पाहून मेंदू थंडावला असे समजू नये. तो एकतालात काम करत असतो.

स्पिंडलची पहिली नोंद अमेरिकेत लूमिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1935 साली प्रसिद्ध केली. स्पिंडलचा उगम दाखवून दिला तो कॅनडातील लावाल विद्यापीठाच्या मिर्चा स्टेरियाडे यांनी, 1980 नंतरच्या दशकात. पापुद्र्यापासून तोडलेल्या थॅलॅमसच्या पेशींत स्पिंडल दिसेनासे झाले, तर एकटा पडलेला पापुद्रा मात्र आपला ताल धरून राहिला. हा प्रयोग मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत देखणा प्रयोग वाटतो, कारण एवढ्या गुंतागुंतीच्या प्रश्नाचे उत्तर त्याने इतके स्वच्छ दिले.

आता आपल्या घराकडे वळू. 2010 साली बॉस्टन येथील संशोधकांनी काही निरोगी व्यक्तींना शांत रात्री आणि नंतर निरनिराळे आवाज ऐकवत झोपवले. शांत रात्री ज्यांच्या ईईजीत स्पिंडल अधिक होते, त्यांची झोप नंतर अधिक मोठ्या आवाजातही टिकली. स्पिंडलचे प्रमाण व्यक्तीगणिक वेगळे असते, एकाच व्यक्तीत ते पुष्कळसे कायम राहते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो. यजमानांची गाढ झोप हा त्यांचा बेफिकीरपणा नाही आणि आपली सावध झोप हा आपला दोष नाही.

बाळाच्या कण्हण्याचे उत्तर थोडे वेगळे आहे. थॅलॅमसची अडवणूक संपूर्ण नसते. झोपेतही श्रवणाच्या कॉर्टेक्सपर्यंत काही भाग पोहोचतो आणि तेथे त्याची पारख होते. झोपलेल्या माणसाचे स्वतःचे नाव घेतले, तर परक्या नावापेक्षा मेंदूचा प्रतिसाद अधिक ठळक उमटतो. आईच्या दृष्टीने बाळाचा आवाज असाच अर्थपूर्ण असतो. घरात आळीपाळीने बाळाची रात्र सांभाळता आली, तर आपली पाळी नसलेल्या रात्री दुसऱ्या खोलीत कानांत बोळे घालून अवश्य झोपा. त्या झोपेवर आपला हक्क आहे.

प्रश्न : बाबा रोज दूरदर्शन संचासमोर घोरतात. हलवून उठवले की "मी जागाच होतो" असे ठामपणे सांगतात. ते खोटे बोलणारे नाहीत. हे काय आहे?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : ते आपल्या परीने खरेच सांगत असतात. फ्रान्समधील संशोधकांनी 2010 साली एक महत्त्वाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. अपस्माराच्या तपासणीसाठी ज्यांच्या मेंदूत आधीच बारीक इलेक्ट्रोड बसवलेले होते, अशा रुग्णांचे थॅलॅमस आणि कॉर्टेक्स एकाच वेळी नोंदता आले. झोप लागताना थॅलॅमस आधी शांत झाला आणि कॉर्टेक्सचे बरेच भाग त्यानंतर काही मिनिटे जागेपणीच्याच पद्धतीने काम करत राहिले. बाहेरची बातमी येणे थांबलेले, पण आत विचार चालू : अशा मिनिटांत माणसाला आपण जागे आहोत असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. बाबांना मालिकेत शेवटी काय झाले ते विचारा. त्यांना सांगता येणार नाही, तरीही जागेपणाची खात्री मात्र शाबूत असेल.

घरात हा कौतुकाचा विषय होतो, रस्त्यावर मात्र जिवावर बेततो. इंदूरहून आग्रा-मुंबई रस्त्याने रात्री स्वतः गाडी चालवत महाराष्ट्रात लग्नकार्याला जाणारी कितीतरी कुटुंबे आपल्यात आहेत. "मला झोप आलेली नाही" ही चालकाची ग्वाही त्या वेळी भरवशाची नसते, कारण ती देणारा कॉर्टेक्स बाहेरच्या बातमीला आधीच मुकलेला असू शकतो. गेल्या दोन-तीन किलोमीटरमधले काही आठवत नसेल, तर गाडी ढाब्यावर लावून वीस मिनिटे झोपावे किंवा चालक बदलावा.

प्रश्न : वासाचा संदेश थॅलॅमसमधून जात नाही असे वाचले. मग रात्री गॅस गळला तर वासाने जाग येईल ना?
— एक वाचिका, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : नाही, त्यावर मुळीच विसंबू नका. वासाचे संदेश नाकातून थेट मेंदूच्या गंधविषयक भागांकडे जातात, हे खरे. परंतु 2004 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गाढ झोपलेल्या व्यक्ती उग्र वासाने उठल्या नाहीत, ध्वनीने मात्र उठल्या. संदेश पोहोचणे वेगळे आणि सारा मेंदू जागा होणे वेगळे. रात्री रेग्युलेटर बंद करावा, आणि शक्य असल्यास आवाज करणारे गॅससूचक यंत्र स्वयंपाकघरात बसवावे.

प्रश्न : आईला दीड महिन्यापूर्वी अचानक गुंगी आली. पहिला सीटी स्कॅन ठीक होता, दुसऱ्या दिवशी एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंच्या थॅलॅमसला स्ट्रोक झाल्याचे कळले. आता बोलते, ओळखते, पण दिवसभर झोपते. दोन्ही बाजूंना एकाच वेळी स्ट्रोक कसा होतो? आणि थॅलॅमस बिघडल्याने झोप पार उडते असेही वाचले, त्याचा मेळ कसा घालायचा?
— एक वाचक, तिलकनगर, इंदूर

उत्तर : आपल्या आईंना लवकर बरे वाटो. बहुतेकांत थॅलॅमसच्या मधल्या भागाला डावीकडून आणि उजवीकडून वेगवेगळ्या बारीक धमन्या रक्त पुरवतात. काही थोड्या व्यक्तींत मात्र एकाच बाजूने निघालेला एकच देठ दोन फांद्या होऊन दोन्हीकडे जातो. फ्रेंच शास्त्रज्ञ पर्शेरॉन यांच्या नावाने ही धमनी ओळखली जाते. ती तुंबली की दोन्ही बाजू एकदमच उपाशी पडतात. जागे ठेवणाऱ्या संदेशांचा एक मोठा मार्ग नेमका याच भागातून कॉर्टेक्सकडे जातो, म्हणून हातपाय लुळे न पडताही माणूस गुंगीत जातो. सुरुवातीच्या तासांत सीटी स्कॅनमध्ये हे बहुधा दिसत नाही, त्यामुळे पहिला अहवाल ठीक येणे यात नवल नाही.

आपण वाचलेला आजार निराळा आहे. इटलीतील बोलोन्या येथील लुगारेसी आणि सहकाऱ्यांनी 1986 साली एका कुटुंबातील अत्यंत विरळ अशा आनुवंशिक व्याधीचे वर्णन केले. तिच्यात प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे थॅलॅमसचे पुढचे आणि आतल्या बाजूचे भाग झिजत जातात, स्पिंडल नाहीसे होतात आणि काही महिन्यांत झोपच संपते. आईंच्या बाबतीत जागे ठेवणारी वाट तुटली. त्या व्याधीत झोपेचा ताल बांधणारी यंत्रणाच मोडते. थॅलॅमस दोन्ही कामांत असल्यामुळे इजा कुठे आणि कशी झाली यावर परिणाम ठरतो. नेहमीच्या निद्रानाशाचा या व्याधीशी काहीही संबंध नाही, हे इतर वाचकांनीही लक्षात घ्यावे.

अशा स्ट्रोकनंतरची झोपाळूपणाची तक्रार बहुधा आठवड्यांगणिक, महिन्यांगणिक कमी होत जाते. स्मरणशक्ती आणि स्वतःहून काही करण्याची उमेद परतायला अधिक वेळ लागतो. आई काही मागत नाहीत, बोलत नाहीत, याला रुसवा किंवा आळस समजू नका. तोही त्याच इजेचा भाग असू शकतो. सकाळी उजेडात बसवा, झोपेची ठरावीक वेळ पाळा, आणि खाणेपिणे त्या पूर्ण जाग्या असतानाच, ताठ बसवून द्या, म्हणजे घास श्वासनलिकेत जाणार नाही. सर्दीच्या काही गोळ्या हिस्टामीनला अडवून झोप आणतात. अशी कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. पुन्हा अचानक गुंगी वाढली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा, कारण गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच उपयोगी पडते.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गातील सात वर्षांची एक मुलगी पाढे म्हणता म्हणता मध्येच थांबते, आठ-दहा सेकंद शून्यात बघते, पापण्या किंचित लवतात, आणि काही घडलेच नाही अशी पुढे म्हणू लागते. घरचे म्हणतात, तिचे लक्ष नसते.
— एक शिक्षिका, इंदूर

उत्तर : आपले निरीक्षण मोलाचे आहे. निदान तपासणीनंतरच होईल, पण हे वर्णन ॲबसन्स एपिलेप्सी या अपस्माराच्या प्रकाराशी तंतोतंत जुळते. त्याचा उल्लेख येथे करण्याचे कारण असे की झोपेत स्पिंडल घडवणारी थॅलॅमस आणि कॉर्टेक्स यांची जोडणीच अशा मुलांत जागेपणी अचानक एका तालात अडकते. ईईजीवर सेकंदाला साधारण तीन या वेगाने टोकदार लहरी उमटतात आणि तेवढा वेळ मूल जगापासून तुटते. एथोसक्सिमाइड हे यावरील जुने आणि गुणकारी औषध थॅलॅमसच्या पेशींतील त्याच टी प्रकारच्या कॅल्शियम मार्गांवर काम करते, ज्यांच्याविषयी वर लिहिले आहे. अपस्माराची सर्वच औषधे येथे चालत नाहीत. कार्बामाझेपीनने हे झटके वाढू शकतात, म्हणून दुसऱ्या रुग्णाची चिठ्ठी पाहून औषध देणे धोक्याचे ठरते.

बऱ्याच मुलांत योग्य उपचारांनी झटके थांबतात आणि पौगंडावस्थेपर्यंत आजार मागे पडतो. तोवर पोहणे, गच्चीच्या कठड्याशी खेळणे, रहदारीत सायकल चालवणे या वेळी मोठ्यांनी जवळ असावे. पाढा अर्धवट राहिला म्हणून तिला रागावणे आजपासूनच थांबवावे. तिच्या आईवडिलांना शाळेत बोलावून आपण काय पाहिले ते वेळेसह सांगा, आणि पुढचा झटका घरी दिसल्यास तो मोबाइलवर टिपून मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायला सांगा; दवाखान्यातील दहा मिनिटांत तो घडेलच असे नाही.