हाताचा अंदाज आणि पुस्तिकेतील क्रमांक

चि. यास अनेक आशीर्वाद.

आयटीआयमधून फिटर होऊन ओझरच्या विमान कारखान्यात तुझी शिकाऊ उमेदवार म्हणून निवड झाली, हे कळून समाधान वाटले. मिग-२१ च्या बांधणीसाठी १९६४ मध्ये उभ्या राहिलेल्या त्या कारखान्यात पुढे सुखोई-३० एमकेआय तयार झाली, ही माहिती तुला असेलच. म्हणून मी केवळ कामाच्या एका सवयीविषयी लिहितो.

बोल्ट हातात घेताच माप सांगणे आणि तो किती आवळायचा हे मनगटाने ठरवणे, यासाठी गावच्या वर्कशॉपमध्ये तुझे कौतुक होत आले. विमानाच्या कामात नेमके हेच कौशल्य तुला प्रथम आवरावे लागेल.

१० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी वन-इलेव्हन विमानाची कॅप्टनसमोरची काच सुमारे १७,३०० फुटांवर निखळली आणि कॅप्टन अर्धा बाहेर खेचला गेला. कर्मचाऱ्यांनी त्याला धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले आणि सगळे वाचले. ती काच त्याआधी रात्रपाळीत बदलली होती. बसवलेल्या ९० बोल्टांपैकी ८४ व्यासाने ०.०२६ इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटरहूनही कमी, बारीक होते आणि उरलेले सहा लांबीला आखूड होते. ते निवडणारा माणूस कामचुकार नव्हता, चांगला अनुभवी होता. त्याने काढलेल्या बोल्टाशी नवा बोल्ट नजरेने जुळवला. मला अधिक अस्वस्थ करते ते पुढचे: काढलेले बोल्टही बहुतेक चुकीचेच होते, फक्त ते तोवर टिकले होते. तेव्हा जुना भाग हा पुरावा मानू नकोस. विमानाच्या देखभालीची पुस्तिका उघडून त्या भागाचा क्रमांक वाच, मगच स्टोअरकडे जा.

टॉर्क रेंचचेही, म्हणजे ठरलेल्या पिळाने (टॉर्कने) बोल्ट आवळण्याच्या पान्याचेही, तसेच आहे. लावलेल्या जोराचा मोठा भाग घर्षणातच खर्च होतो, त्यामुळे कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क तेल लागलेल्या बोल्टाला दिलास, तर रेंच तोच आकडा दाखवेल आणि बोल्टावरचा ताण मात्र बराच वाढलेला असेल. आटे कोरडे ठेवायचे की वंगण लावायचे, हे आधी पाहा. रेंचवरच्या कॅलिब्रेशनच्या, म्हणजे तो अचूक असल्याच्या तपासणीच्या, पट्टीची मुदत तपास. आणि ठरलेला टॉर्क गाठल्याचा ‘टक्’ आवाज एकदा आला की हात थांबव. खात्रीसाठी आणखी एक झटका देण्याची वर्कशॉपची सवय तिथे घातक ठरते.

लॉकवायर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार), रिव्हेट, हत्यारांची मोजदाद हे सारे तुला शिकवले जाईलच. पाळी संपताना काम अर्धवट राहिले, तर मात्र पुढच्या पाळीच्या माणसाला ते तोंडी सांगून निघू नकोस. कोणता बोल्ट नुसता हाताने फिरवून ठेवला आहे, हे नोंदवहीत लिही आणि सही कर. वरिष्ठ घाई करत असले तरी, न केलेल्या किंवा स्वतः न पाहिलेल्या कामावर सही करण्यास नम्रपणे नकार दे.

पहिल्या महिन्यात तू इतरांपेक्षा संथ ठरशील आणि कोणी त्यावरून टोकेलही. ते मनावर घेऊ नकोस.

तुझा,
काका